रक्त निसरडं असतं : सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
सशस्त्र दल वैद्यकीय सेवा, नवी दिल्ली

विषय : फील्डवर जाणाऱ्या नर्सिंग असिस्टंट पोरांना आधी दोन महिने मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत (अपघात विभागात) उभं करण्याबाबत.

जय हिंद.

नोकरीत असतो तर हा अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल पाठवावा लागला असता, आणि माझ्या कंपनी कमांडरच्या टेबलावरच तो म्हातारा झाला असता. आता पेन्शनीत आहे. पेन्शनरला चॅनल नसतो, म्हणून उघड्यावर लिहितोय. हिंदीत लिहिता आलं असतं, चोवीस वर्षं दुसरं बोललो काय? पण या मागणीत आमच्या भागातल्या सिव्हिल सर्जनचा, मेडिकल कॉलेजांच्या डीनचा आणि कडबाकुट्टीत हात घालणाऱ्या माझ्या भावकीचाही वाटा आहे. त्यांनीही वाचावं. आपल्या कार्यालयात मराठी वाचणारा कुणी ना कुणी सातारा-कोल्हापूरकडचा निघेलच.

मी एएमसीचा, म्हणजे सैन्य वैद्यकीय दलाचा, नर्सिंग असिस्टंट. १९९६ ला भरती, लखनौच्या सेंटरला ट्रेनिंग, २०२० ला हवालदार म्हणून घरी. गाव औसा तालुक्यात. गावात मला सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पहिलं वर्षभर मी दुरुस्त करत होतो, आता सोडून दिलं. पण लोक 'तुम्ही डॉक्टरच की ओ' म्हणतात तेव्हा मात्र अजून दुरुस्त करतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात गावात एका विहिरीचं काम निघालं. उन्हाळा लागला की आमच्याकडं विहिरी खोल करायची घाई सुटते. पाणी तळाला गेलेलं असतं, खडक उघडा पडलेला असतो. यारी, म्हणजे दगड वर ओढायचं यंत्र, लावायची, सुरुंग घ्यायचे आणि आणखी दोन परस खाली जायचं. त्या दिवशी चार सुरुंग पेटवले, तीन उडाले. चौथा फुसका गेला असं समजून एक गडी बघायला उतरला. तो खाली टेकला आणि चौथा उडाला.

मी बांधावरच होतो. खाली गेल्यावर जे दिसलं ते मी आधी पाहिलेलं होतं, फक्त तिथं चिनार होते आणि इथं बाभळी. डावा पाय गुडघ्याखाली चिंध्या झालेला, उजव्या हाताचं हाड बाहेर, तोंडावर खडकाच्या कपच्या रुतलेल्या, कानातून रक्त. डोळे बांधून मला तिथं नेलं असतं आणि मग पट्टी काढली असती, तर मी बेलाशक आयईडी म्हणून सांगितलं असतं. शरीराला कुठं कळतं स्फोट शत्रूनं केला की ठेकेदारानं?

पाय चिळकांड्या मारत होता. खांद्यावरचा टॉवेल फाडून चार बोटं रुंद घडी केली, जखमेच्या वर वीतभर अंतर सोडून मांडीला गुंडाळली, यारीवाल्याचा पाना त्यात अडकवला आणि पिळत गेलो. तो माणूस मला शिव्या देत होता. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळलेला असा पट्टा, बरोबर बसलं की माणूस शिव्या देतो, इतकं दुखतं. नाही दिल्या तर समजावं की ढिलं आहे. चिळकांडी थांबली. पाना बांधून टाकला आणि यारीच्या ऑइलात बोट बुडवून त्याच्या कपाळावर टूर्निकेट बांधल्याची वेळ लिहिली : टी ११.४०. मग ज्या टोपल्यातून दगड वर येतात त्याच टोपल्यातून तो वर आला.

पुढचं नाव न घेता सांगतो. ज्या पहिल्या दवाखान्यात त्याला नेलं तिथं ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. पोरगा चांगला होता, घाईनं आला, सलाईनला शीर शोधायला लागला. आणि मग त्यानं पान्याला हात घातला. "इतकं आवळल्यावर पाय काळा पडंल. थोडं सैल करून बघू." मी म्हणालो, साहेब, सोडू नका. तो म्हणाला, "मामा, तुम्ही जरा बाहेर थांबा." त्यानं पाना फिरवला आणि भिंतीपर्यंत रक्त गेलं. नंतर त्यानंच मला आत बोलावलं.

माणूस जगला. पाय गुडघ्याखाली लातूरला काढावा लागला. पाय तसाही वाचणार नव्हता, ते स्फोटानंच ठरवून टाकलं होतं. पण भिंतीवर गेलेलं ते रक्त त्याच्या खात्यातलं होतं. माणसाच्या अंगात असतं तरी किती? पाच लिटरच्या आसपास. त्यातलं दोन लिटर विहिरीच्या तळाशीच राहिलं होतं.

त्या डॉक्टरवर माझा राग नाही. टूर्निकेट दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करावं असं प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. त्या सल्ल्यानं किती माणसं थेंबाथेंबानं संपवली असतील कोण जाणे. आता जग शिकलंय : एकदा बांधलं की ऑपरेशनच्या टेबलापर्यंत सोडायचं नाही, दोन तासांपर्यंत पायाला सहसा धोका नाही, आणि वेळ लिहायची ती सर्जनसाठी. हे शहाणपण आलं कुठून? लढाईतूनच. बगदादच्या एका अमेरिकन लष्करी दवाखान्यात २००६ मध्ये टूर्निकेट लावून आलेल्यांचा हिशोब मांडला. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन नाडी आणि ब्लड प्रेशर कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी ज्यांना बांधलं त्यांतले ९० टक्के जगले; शॉकमध्ये गेल्यावर ज्यांना बांधलं त्यांतले १० टक्के. पट्टा तोच, हात तेच, फरक फक्त काही मिनिटांचा.

आणि आमच्या भागाची गंमत बघा. साप चावला की पहिलं काम म्हणजे सुतळीनं पाय करकचून आवळणं. तिथं बांधायचं नसतं, बांधल्यानं उलट पाय सडतो. पण कडबाकुट्टीत मनगट गेलं की तेच लोक हळद भरतात, चहापत्ती दाबतात, वरून फडकं गुंडाळतात आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेतात. म्हणजे बांधायची अक्कल गावात पिढ्यानपिढ्या आहे. चुकीच्या जखमेला आहे, इतकंच.

आता माझ्याबद्दल. हे लिहायला मला जड जातंय, पण त्याशिवाय मागणीचा अर्थ कळणार नाही.

लखनौला मी चांगल्या नंबरानं पास झालो होतो. आमचे उस्ताद कडक होते. थॉमस स्प्लिंटची, म्हणजे मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या लोखंडी चौकटीची, ड्रिल एक-दो-तीनच्या ठेक्यावर, अंधारात, पावसात, डोळे बांधून करून घेतली. त्या स्प्लिंटचा इतिहासही त्यांनी सांगितला होता : पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड गोळीनं मोडलं की दहातले आठ मरायचे, हे लोखंडी कडं आघाडीवर पोचलं आणि १९१८ पर्यंत तो आकडा दोनाच्या खाली आला. स्ट्रेचर, फर्स्ट फील्ड ड्रेसिंग, शीर शोधणं, सगळं घोटून घेतलं. जखमी म्हणून आमच्यातलाच एखादा आडवा व्हायचा आणि लाल शाई लावून 'हाय मर गया' म्हणायचा. आम्ही हसायचो.

मग काश्मीर. युनिटचं आणि जागेचं नाव सांगत नाही. पहाटेची वेळ, बर्फ, आणि एका जवानाच्या मांडीत गोळी. माझी पहिली खरी कॅज्युअल्टी; फौजेत जखमीलाच तसं म्हणतात. मला सगळं पाठ होतं. फक्त रक्त निसरडं असतं हे मला माहीत नव्हतं. शाई निसरडी नसते. माझी गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. कात्री पार्का कापू शकली, पण आतली पँट आणि त्याच्या आतली लोकरी पँट ओली झाली होती, तिथं ती घसरायची. गरम रक्ताची बर्फावर वाफ निघते, हेही कुणी सांगितलं नव्हतं. त्याला एक वास असतो, तांब्याच्या हंड्यासारखा. मी त्या वासाकडंच बघत राहिलो असं म्हटलं तर चालेल. शेजारच्या शीख हवालदारानं माझ्या पाठीत गुडघा घातला तेव्हा मी हाललो. किती वेळ गेला? कदाचित एक मिनिट. मांडीची मोठी धमनी तुटली असेल तर माणसाजवळ एकूण तीन-चारच मिनिटं असतात.

तो जवान आरएमओ साहेबांपर्यंत, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरपर्यंत, जिवंत पोचला, हेलिकॉप्टरपर्यंतही पोचला. पुढचं मला कळलं नाही. फौजेत पुढचं कळत नाही. पण त्या एका मिनिटाचा हिशोब मी अजून करतो.

त्यानंतर मी शिकलो. दुसरी, तिसरी, सातवी कॅज्युअल्टी. हात आपोआप चालायला लागले. मग पीस स्टेशन आलं, म्हणजे लढाईपासून लांबची छावणी. आठ वर्षं एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यात, बसून मी क्रोसिन वाटलं, ब्लड प्रेशर लिहिलं, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना मलम दिलं, आणि दर वर्षी एएमसीच्या रेझिंग डेला, ३ एप्रिलला, वर्दी कडक करून 'सर्वे सन्तु निरामयाः' च्या बोर्डाखाली उभा राहिलो. त्या आठ वर्षांत चिळकांडी मारणारी एकही धमनी पाहिली नाही. नंतर पुन्हा फील्ड मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हात विसरले आहेत. डोकं सगळं सांगत होतं, हात ऐकत नव्हते.

हे माझ्या एकट्याचं दुखणं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. पेन्शनीत आल्यावर लेकीनं मोबाईलवर वाचायला शिकवलं, तेव्हा कळलं की याला नावसुद्धा आहे. ब्रिटिश नौदलाचे सर्जन ॲलस्डेर वॉकर यांच्या नावावरून तिकडं 'वॉकर डिप' म्हणतात. लढाई चालू असते तेव्हा फौजेचे डॉक्टर-कंपाउंडर तयार होतात, शांतता आली की ते ज्ञान ओसरतं, आणि पुढच्या लढाईच्या सुरुवातीला जवान मरतात ते त्या खड्ड्यात पडून. आमच्या बाजूला शेतातलं आडवं पाणी ओसरतं तसंच हे, दिसत नाही, आणि पेरायला जावं तेव्हा ओल नसते.

आकडा एकच देतो, कारण मला तो झोपू देत नाही. २००१ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानातल्या लढायांत गेलेल्या ४,५९६ अमेरिकन सैनिकांचे मृत्यू त्यांच्याच सैन्याच्या डॉक्टरांनी एकेक करून तपासले. ८७ टक्के दवाखान्याच्या दाराआधीच गेले होते. दाराआधी गेलेल्यांतले ९७६ जण वाचू शकले असते, आणि त्या ९७६ मधले ९१ टक्के रक्त जाऊन मेले. म्हणजे भारी ऑपरेशन थिएटर, मोठे सर्जन, हे सगळं दाराच्या आत. मरण दाराच्या बाहेर, आणि तिथं असतो माझ्यासारखा बारावी पास पोरगा. त्याच सैन्याच्या रेंजर रेजिमेंटनं आधीच ठरवलं होतं की कंपाउंडरच नाही, रेजिमेंटमधला प्रत्येक माणूस टूर्निकेट लावायला शिकेल, कमांडरसकट. २००१ ते २०१० मध्ये त्यांचे ३२ जण मेले, पण रस्त्यात वाचवता आला असता असा त्यात एकही नव्हता. आपल्याकडं पलटणीतल्या जवानांना बीएफएनए, म्हणजे रणांगणावरचे नर्सिंग असिस्टंट, म्हणून तयार करतात ते याच विचारानं, आणि ते बरोबरच आहे. माझं म्हणणं त्यांना काय शिकवता याबद्दल नाही. कुणाच्या अंगावर शिकवता, याबद्दल आहे.

परदेशात शेळ्या-डुकरांना भूल देऊन त्यांच्यावर हे शिकवायचे, काही ठिकाणी अजून शिकवतात. मी शेळ्यांच्या वाड्यात वाढलोय, मला ते पटत नाही. आणि गरजही नाही. शेळीऐवजी जिथं जिवंत माणसाला खरोखर मदत पाहिजे आहे, अशी जागा मी दाखवतो.

लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, आणि संभाजीनगरची घाटी. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही सरकारी कॉलेजं झाली. यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना, म्हणजे दिवाळीनंतर, आठ रात्री उभं राहा. बिनदिव्याच्या ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली मोटारसायकल येते : छाती दबलेली, एका बाजूनं श्वास नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या. बंकरवर गोळा पडल्यावर हेच दिसतं, आणि सुई कुठं घालायची हे तिथंच कळतं. कोयत्याचा घाव येतो. सोयाबीन काढायच्या दिवसांत मळणी यंत्रात साडीचा पदर अडकलेली बाई येते. कडबाकुट्टीतलं मनगट येतं, बहुतेक वेळा ते मनगट दहा-बारा वर्षांच्या पोराचं असतं, आणि बरोबर आलेली आई पोराकडं न बघता डॉक्टरच्या तोंडाकडं बघत असते. पोळ्याच्या सुमाराला बैलाचं शिंग जांघेत घुसलेला माणूस येतो. ही जखम मी मुद्दाम सांगतो. जांघेत टूर्निकेट बसत नाही. तिथं बोटानं गॉज आत, पार हाडापर्यंत, थप्पीवर थप्पी ठासायचं आणि दोन्ही हातांनी अंगाचं वजन टाकून कमीत कमी तीन मिनिटं दाबून धरायचं. बुलेटप्रूफ जॅकेटच्या खालच्या काठाशी लागलेल्या गोळीला उपाय हाच. पुतळ्यावर हे शिकता येत नाही, पुतळा आतून गरम नसतो.

आणि विहिरी. उन्हाळाभर.

एका पीस स्टेशनचा नर्सिंग असिस्टंट पाच वर्षांत जे बघत नाही ते इथला वॉर्डबॉय एका हंगामात बघतो. फरक इतकाच की वॉर्डबॉयला कुणी शिकवलेलं नसतं आणि आपल्या पोराला शिकवलेलं असतं, पण जखम मिळालेली नसते. ही दोन माणसं एका खोलीत आणा, एवढंच मागतोय.

दोन महिने पुरेत. फील्डचा पोस्टिंग ऑर्डर निघाला की रिपोर्ट करण्याआधी आठ आठवडे, रात्रपाळीच, कारण खरं ट्रॉमा रात्री येतं. राहायची सोय अडणार नाही. संभाजीनगरच्या छावणीत मिलिटरी हॉस्पिटल आहेच, बाकी ठिकाणी आम्ही माजी सैनिक आहोत, आमची घरं आहेत. पोरांनी ऑपरेशन करायचं नाही, औषधं लिहायची नाहीत. रक्त थांबवायचं, श्वासाची वाट मोकळी ठेवायची, माणूस गरम ठेवायचा, वेळ लिहायची. गरम ठेवण्याचं ऐकून इथले लोक हसतात. बाहेर बेचाळीस डिग्री आणि हा ब्लँकेट मागतोय! पण रक्त गेलेला माणूस लातूरच्या मे महिन्यातही थंड पडतो, आणि थंड पडलेलं रक्त गोठत नाही, म्हणून आणखी वाहतं. सियाचीनला हे शिकवावं लागत नाही. इथं शिकलेलं पोरगं वाळवंटातल्या चौकीवर ते विसरणार नाही.

यावर आपले स्टाफ ऑफिसर काय म्हणतील ते मला पाठ आहे. रस्त्यावरचा अपघात म्हणजे लढाई नव्हे. खरं आहे. कॅज्युअल्टीत कुणी गोळ्या झाडत नाही. गोळीबारात पहिला उपचार म्हणजे उलट गोळीबार, मग आडोसा, मग टूर्निकेट. बाकी सगळं नंतर. जखमीकडं धावत गेलेला नर्सिंग असिस्टंट हा दुसरा जखमी असतो. हे लखनौच शिकवू शकतं आणि चांगलं शिकवतं, त्यात डीन साहेबांनी पडू नये. पंधरा हजार फुटांवरून स्ट्रेचर उतरवणंही आमच्या माळरानावर येणार नाही. पण हात रक्तात पहिल्यांदा बुडायचा तो जर कॅज्युअल्टीत, दिव्याखाली, शेजारी मोठी सिस्टर उभी असताना बुडाला, तर चौकीवर तो दुसऱ्यांदा बुडेल. ते एक मिनिट वाचेल. मला तेवढंच मिनिट पाहिजे आहे.

दुसरं म्हणतील, अशी प्रथा नाही. प्रथा आहे. अमेरिकन सैन्याच्या सर्जिकल टीम मोहिमेवर जाण्याआधी मायामीच्या रायडर ट्रॉमा सेंटरमध्ये दोन आठवडे काढतात. ब्रिटनचे लष्करी सर्जन गोळीच्या जखमा शिकायला जोहान्सबर्गच्या सिव्हिल दवाखान्यांत जात आले आहेत. आणि परदेशी दाखले नको असतील तर आपलाच घ्या. कोरियात आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स गेली होती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांनी २३ मार्च १९५१ ला अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर मुनसानीला उडी घेतली, ती आपण सगळे सांगतो; बारा जणांची तुकडी होती ती. पण त्याच युनिटचा दुसरा हिस्सा मेजर एन. बी. बॅनर्जींच्या हाताखाली मागं तेगूमध्ये राहिला आणि तिथल्या दवाखान्यात कोरियन सैनिक आणि सिव्हिलियन दोघांनाही बघत होता, स्थानिक लोकांना शिकवतही होता. उडीची गोष्ट रेझिंग डेला सांगतात, तेगूची कुणी सांगत नाही. मला तेगू पाहिजे.

मी एएमसीतच का गेलो, हेही इथंच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं होतं. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. मी पंधरा वर्षांचा होतो. दगडामातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि त्यावर मातीचं धाबं, सगळं लोकांच्या अंगावर. फौज आली. एक जवान नुसता फिरत होता आणि लोकांना चिठ्ठ्या बांधत होता, कुणाला आधी न्यायचं, कुणाला नंतर. मला तो निर्दयी वाटला. एका आजीला सहा-सात तासांनी ढिगाऱ्यातून काढलं, ती पाणी मागत होती, नातवाचं नाव घेत होती, आणि मांडीवरचा दगड उचलल्यावर थोड्याच वेळात गेली. लोक म्हणाले, भीतीनं गेली. मला लखनौला गेल्यावर कळलं की दबलेल्या स्नायूत विष साठतं, दगड उचलला की ते एकदम काळजाकडं धावतं. दगड उचलण्याआधी सलाईन लावायचं असतं. हिमस्खलनात सापडलेल्या जवानाचंही तसंच. म्हणजे लढाईचं औषध आमच्या दारात तेव्हाच पाहिजे होतं, आणि ज्याला ते माहीत होतं तो हवालदार तेव्हाही बहुतेक जवळच्याच एखाद्या गावात, पेन्शन घेऊन, बँकेच्या दारात बंदूक धरून उभा असेल.

आजही तेच आहे. माझ्याच तालुक्यात एएमसीचे निवृत्त लोक मला ठाऊक आहेत. एक पेट्रोल पंपावर, दोन बँकेत, एक मुलीच्या सासरी म्हशी बघतो. आमच्या कागदावर लष्कराचा शिक्का आहे, पण माझं नाव सिव्हिलच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाही, म्हणून गावात मी साधं इंजेक्शनही द्यायचं नाही. ठीक आहे, नको देऊ दे. पण शिकवायला तर हरकत नाही? आपली पोरं कॅज्युअल्टीत आली की त्यांचे उस्ताद म्हणून आम्हाला उभं करा. आणि त्यांच्या बदल्यात इथल्या लोकांना आम्ही शिकवू : १०८ चे ड्रायव्हर, आशाताई, यारीवाले, कारखान्याच्या गाड्यांचे मुकादम, ढाब्यावरची पोरं. अपघातात मदत केली म्हणून पोलिसाचा त्रास होणार नाही, असं कायद्यातच २०१९ पासून लिहिलेलं आहे, तेही त्यांना सांगू. निम्म्यांना ते माहीत नाही.

ट्रानेक्सामिक ॲसिडचंही सांगायला पाहिजे. हे औषध जखमीला तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. वीस हजारांवर रुग्णांवर तपासून २०१०-११ मध्ये हे जाहीर झालं, आणि त्या तपासणीत आपल्या देशातले रुग्णही होते. तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान. गंमत म्हणजे आमच्या गावातल्या बायकांना ते आधीपासून ठाऊक आहे, पाळीत अंगावरून जास्त गेलं की डॉक्टर तीच गोळी देतात. ज्यांनी हे जपानमध्ये १९६२ ला शोधलं त्या उताको ओकामोतो बाईंनाही बाळंतपणातल्या रक्तस्रावाचीच काळजी होती. जखमीला मात्र ते शिरेतून द्यायचं, आणि डॉक्टरनंच द्यायचं. पण तीन तासांचं गणित कपाळावरच्या वेळेवरून चालतं, आणि ती वेळ कुणीतरी विहिरीच्या तळाशी लिहिलेली असावी लागते.

भाषेची अडचण कुणी काढेल. तमिळ पोरगं लातुरात काय बोलणार? मी काश्मिरात काय बोलत होतो? 'दुखतंय का' आणि 'इकडं बघ' एवढी दोन वाक्यं आम्ही पहिल्या दिवशी शिकवू. बाकीचं ओरडण्यातून कळतं.

तो विहिरीचा गडी आता शेळ्या राखतो. पाय लाकडाचा नाही, चांगला मिळालाय, पण चिखलात काढून खांद्यावर घेतो. परवा त्यानं माझा टॉवेल परत आणून दिला, धुऊन, घडी करून. तो फाटलेला आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पानाही यारीवाल्यानं मागून नेला. नवा आणून दिला तर नको म्हणाला, तोच पाहिजे.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की पहिली बॅच पाठवली तर बरं होईल. आठ पोरं पाठवा, जास्त नको, कॅज्युअल्टीत गर्दी झाली की सिस्टर रागावतात. गुरुवारी गावचा बाजार असतो, तेवढा सोडून मी कधीही लातूरला येऊ शकतो. पोरांना सांगा, कात्री स्वतःची आणा, आणि धार लावून आणा.

आपला,
एक निवृत्त हवालदार, नर्सिंग असिस्टंट, सैन्य वैद्यकीय दल
औसा तालुका, जिल्हा लातूर